प्रणोतीच्या तीन सत्यप्रती

प्रणोती कुलथेने सोमवारी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीतल्या मशीनवर स्वतःच्या तीन झेरॉक्स काढल्या. काचेवर पालथी पडली आणि झाकण अंगावर ओढून घेतलं. तिघी बाहेर आल्या तेव्हा कोमट होत्या, अंगात तोच मरून रंगाचा स्वेटर. तिसरी जरा फिकी निघाली, कारण टोनर संपत आला होता.

आता पोरीला ही हौस का आली? तर परदेशातलं तिचं कॉलेज तिची शाखाच बंद करून मोकळं झालं होतं. मेअखेर दुसरीकडे नाव लागलं नाही तर व्हिसा संपला, गुंडाळा गाशा! तीन कॉलेजं जागा द्यायला तयार होती. तिन्हींचं म्हणणं एकच: आधी विद्यार्थिनी पाठवा, बघतो, मग सांगतो.

"ओरिजिनल कुणाच्या बापाला द्यायचं नाही," तिच्या वडिलांनी, अण्णांनी, बार्शीहून व्हिडिओ कॉलवर बजावलं. "झेरॉक्स पाठव. मी अटेस्ट करतो."

अण्णा नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाले, पण शिक्का काही त्यांनी परत केला नव्हता. मोठा खमका माणूस! त्यांनी मोबाइलच्या स्क्रीनवर तीनदा शिक्का दाबला, तसा इकडे तिघींच्या कपाळावर ‘सत्यप्रत’ असा जांभळा ठसा उमटला. तिघी तीन बसमध्ये बसून तीन गावांना गेल्या.

तिन्ही कॉलेजांनी आपापली ठेवून घेतली. वर्ग सुरूही झाले. प्रणोतीने चार रात्री विचार करून समुद्राकाठचं कॉलेज निवडलं. तिथली माती तपासायची प्रयोगशाळा तिला फोटोत फार आवडली होती. तिने घरी फोन केला.

"हेच घेते. तिथल्या झेरॉक्सला बाहेर काढते आणि मी जाऊन बसते."

पलीकडे आईने अण्णांच्या हातून फोन घेतला.

"अगं, पण तिचं छान चाललंय तिथं," आई म्हणाली. "रोज फोन करते. वेळेवर जेवते. उलटून बोलत नाही बिचारी."

प्रणोतीने फोन ठेवला. तिने तडक बस पकडली.

समुद्राकाठच्या ऑफिसातल्या बाईंनी दोघींना शेजारीशेजारी उभं केलं. झेरॉक्सच्या कपाळाकडे बघून मान डोलावली, मग प्रणोतीचे केस बोटाने बाजूला सारले.

"हिच्यावर शिक्का आहे. तुमच्यावर?"

"मी मूळ आहे."

"कशावरून?"

तिने तिथूनच अण्णांना फोन लावला. "अण्णा, माझ्यावरही मारा ना शिक्का. एकदाच."

"वेडी का खुळी तू?" अण्णा उखडले. "ओरिजिनलवर कुणी शिक्का मारतं का? खराब होतं! तू आपली घरी ये बघू."

झेरॉक्स तिला दारापर्यंत सोडायला आली. "आईला सांग, मी जेवले," ती म्हणाली आणि वर्गात पळाली.

मे संपला, व्हिसा संपला, प्रणोती बार्शीला परतली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिची वेणी घातली. मग आई-अण्णा तिला रिक्षाने कोर्टासमोरच्या लॅमिनेशनच्या दुकानात घेऊन गेले.

"अण्णा, मला शिकायचंय हो!" तिला रडू कोसळलं.

"शिकतेयस की," अण्णा मायेने म्हणाले. "कालच नाही का फोनवर मार्क सांगितलेस?"

दुकानदाराने तिला प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये आडवी केली, हात सरळ केले, स्वेटरची सुरकुती काढली. मशीन तापलं होतं.

"काका, डोळे उघडे ठेवायचे का मिटलेले?"

"उघडेच ठेव. पुढंमागं पडताळणीला लागतील."

रोलरने आधी पावलं ओढून घेतली, मग गुडघे. आई वाकून पदराने तिच्या तोंडावरचं प्लास्टिक दाबून सारखं करत राहिली. तिथं एक बुडबुडा पुन्हा पुन्हा येत होता.