वळणावर अडलेली खाट

घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्या शहाण्यानं बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात नगरला येऊन भाड्याची खोली शोधायला हवी होती. म्हणी करायची खोडच गेली असती बेट्याची! जपानी बॉम्ब टाकणार म्हणून अर्धी मुंबई उठून गावोगाव पांगलेली, आणि त्यातली निम्मी जणू नगरातच उतरलेली. कॅम्पात पलटणींची भर पडली ती वेगळीच. माळ्यावर, परसात, गोठ्यात, जिथं अंग टाकता येईल तिथं माणूस झोपलेला. अशा गर्दीत नियाज टेलरला खोली हवी होती, तीही महिना संपायच्या आत.

त्याची झेंडीगेटातली तळमजल्यावरची खोली घरमालक गनीभाईंना परत पाहिजे होती. गनीभाई माणूस वाईट नव्हता. त्यांचा सख्खा भाऊ मुंबईहून बिऱ्हाड घेऊन आला होता आणि पोरंबाळं ओसरीवर निजत होती. "बेटा, तूच सांग, मी काय करू?" असं डोळ्यांत पाणी आणून विचारल्यावर नियाज काय बोलणार, कप्पाळ? इकडं त्याची बायको हमिदा पोटुशी. पुढचा चांद दिसायच्या आत बाळ होईल, असं सुईण सांगून गेली होती. नियाज दिवसभर लष्कराचे खाकी शर्ट शिवायचा आणि मशीन बंद झाली की गल्ल्या पालथ्या घालायचा. रात्री पाठ टेकली तरी पाय थरथरत असायचे.

बरं, खोल्या अगदीच मिळत नव्हत्या असंही नाही. मिळालेली खोली अम्मा घालवत होती.

अम्मा म्हणजे मेहताबबी. गुडघे गेलेले, पण खोली बघायला सगळ्यांच्या पुढं. पाणी कुठं, मोरी कुठं, हे तुम्ही-आम्ही विचारतो. ही जिन्यापाशी थांबायची, वळणाकडं निरखून बघायची आणि म्हणायची, "इथनं जनाजा वळंल का रे?"

झालं! घरमालकाचं तोंड कडू. तोफखान्यातली खोली अशीच गेली, दाळमंडईतली तशीच. दुसऱ्या खेपेला नियाज भर रस्त्यात ओरडला, "अम्मा, आधी येणाऱ्याचं बघू या का? जाणाऱ्याचं मग बघू!"

"येणारा आईच्या पोटातनं येतो, त्याला जिना लागत न्हाई," अम्मा शांतपणे म्हणाली. "जाणाऱ्याला चार खांदे लागतात. तुझ्या अब्बांना मिळाले न्हाईत, मला पाहिजेत."

अब्बांची गोष्ट नियाजला ठाऊक होती. पीरमहंमद मुंबईत गिरणीत होते. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात अवघी चाळ पडली, त्यात तेही गेले. खोली चौथ्या मजल्यावर, जिना हातभर रुंद, आणि रोगाच्या भीतीनं कुणी दार उघडेना. शेवटी म्युनिसिपालटीच्या माणसांनी मढं दोरीनं बांधून गॅलरीतून खाली सोडलं. कडेवर तान्हा नियाज घेऊन मेहताबबीनं वरून पाहिलं. खाली फक्त एक गाडा उभा होता. ती तशीच नगरला आली आणि तेव्हापासून तळमजला सोडून कधी राहिली नाही.

ज्या शुक्रवारी राधाकृष्ण शेटनं नियाजला हाक मारली, त्या दिवशी महिना संपतच आला होता.

शेटचं कापडबाजारात तीन मजली दुकान होतं आणि त्या दुकानाचं शिवणकाम नियाजकडं असायचं. "तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू गेलाय," शेट म्हणाला. "खोली हवेशीर आहे, खाटसुद्धा टाकून गेलाय. दुपारी मुंबईची मंडळी बघायला येणार आहेत. त्याआधी हो म्हण, खोली तुझी. आणि आपल्याकडं लिफ्ट आहे बरं का!"

लिफ्ट हा शेटचा जीव की प्राण. मुंबईत कुठंशी पाहून आला आणि ध्यास घेऊन बसला. दुकानाच्या कडेला, थेट रस्त्यावर उघडणारा एक लाकडी पिंजरा, माथ्यावर मोठं चाक, आणि मागच्या बोळात दोर ओढायला गोरक्ष व मच्छिंद्र हे दोन हमाल. तिच्यातून कापडाचे गठ्ठे वर चढायचे. शेट तिला लिफ्ट म्हणायचा, हमाल तिला काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नियाज पळतच अम्माला घेऊन आला. पिंजरा पाहताच अम्मानं कानाला हात लावले. "दोरीवर लटकून मी जिवंतपणीसुद्धा जायची न्हाई." आणि पायरी पायरीवर बसत, ठणकणारे गुडघे दाबत बाई तिसऱ्या मजल्यावर पोचली. खोली खरंच छान होती. दोन खिडक्या, वारा, कोपऱ्यात मोरी. इथं हमिदा बाळंत होईल, तिथं झोळी बांधू, मशीन खिडकीशी ठेवू, असं नियाजनं मनातल्या मनात सगळं मांडूनही टाकलं.

"ती खाट जिन्यानं खाली नेऊन दाखव," अम्मा म्हणाली.

नियाजच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बारा वाजायला आले होते, भांडायलाही वेळ नव्हता. त्यानं हमालांना हाका मारल्या. तिघांनी खाट उचलली, आणि पहिल्याच वळणावर ती अडली. उभी केली, आडवी केली, तिरकी केली. एक पाय भिंतीत, एक कठड्यात. हलायचं नाव नाही.

"आरं मंग ही वर आली कशी?" मच्छिंद्रनं घाम पुसत विचारलं.

"लिफ्टमधनं, दुसरं कशातनं!" गोरक्ष म्हणाला.

अम्मा वरच्या पायरीवर बसून बघत होती. मान हलवून उठायला गेली, तर गुडघ्यांनी दगा दिला. एक पायरी उतरवेना. नियाजनं पाठीवर घ्यायला बघितलं तर वेदनेनं किंचाळली.

"म्हातारे, आता ऐक," गोरक्ष म्हणाला. "खाट आमी पिंजऱ्यात टाकतो, तू खाटंवर नीज. लई हळू सोडतो. डोळं झाकून घे."

दुसरा उपाय नव्हता. हमालांनी हिसके देऊन खाट सोडवली, परत वर आणून पिंजऱ्यात टाकली. अम्मा खाटेवर आडवी झाली, पांढरी चादर डोक्यावरून पायापर्यंत ओढली आणि आत कलमा पुटपुटू लागली. हमाल मागच्या बोळात दोराशी गेले. नियाज वरून वाकून बघत राहिला. पिंजरा करकरत खाली गेला. आपली खोलीही त्याच्याबरोबर गेली, असं त्याला वाटलं आणि रडू आलं.

रस्त्यावर जुम्म्याच्या नमाजाला निघालेली गर्दी होती. त्या गर्दीसमोर पिंजरा टेकला. आत खाट, खाटेवर पांढऱ्या चादरीखाली बाईमाणूस, आणि वर ओणवा झालेला नियाज रडतोय. सांगा, लोकांनी काय समजावं?

"या अल्ला, मेहताबबी गेली!"

हमाल मागं दोर खुंट्याला बांधतायत तोवर खाट उचललीसुद्धा. कुणी म्हणालं, आधी घरी न्या, गुसल, शेवटची आंघोळ व्हायचीय. खाट झेंडीगेटाकडं निघाली. दुकानदार गाद्यांवरून उठून उभे राहिले. पानवाले काकासाहेब अनवाणी उतरले आणि खांदा देऊन चालू लागले. एकेक जण चार पावलं चालायचा, की दुसरा पुढं होऊन खांदा लावायचा. पुढच्या पायाशी गनीभाई, आणि त्यांना हुंदका आवरेना. "माझ्या खोलीपायी गेली हो म्हातारी!"

नियाज तीन मजले कसा उतरला ते त्यालाच ठाऊक नाही. "जिवंत आहे! अम्मा जिवंत आहे!" तो बोंबलत धावला.

"पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. धरा त्याला," कुणीतरी कळवळून म्हणालं आणि दोघांनी त्याला मिठीच मारली. त्यानं हिसडे दिले, एकाला चावला, आणि चौकात खाट गाठून चादर ओढली.

अम्मा टक्क जागी होती. डोळ्यांतून पाणी वाहून उशाशी खाटेची दोरी भिजली होती.

मग काय विचारता! तौबा तौबा, हसणं, शिव्या, खाट सोडून पळणारे दोघं-तिघं. खाट कशीबशी खाली टेकली. गनीभाईंनी अम्माचे हात धरले. "आपा, खोली सोडू नका. भावाचं मी काय ते बघतो."

"पोरांना ओसरीवर निजवणार होय?" अम्मा उठून बसत म्हणाली. "नियाज, शेटकडनं किल्ली आण. पळ, मुंबईवाले येतील."

नियाजचं तोंड उघडंच राहिलं. "अम्मा, पण जिना वळत नाही!"

"न्हाई वळला तर न्हाई. मला दोरीनं सोडा. खाली माणसं हायेत."

त्याला आनंद झाला, आणि रागही आला. "मग हे आधीच उठून सांगायचं होतंस! पिंजऱ्यातनं काढलं तेव्हाच का नाही उठलीस? माझा जीव जायची वेळ आली!"

अम्मानं चादरीची घडी घातली. मग पुसायचं राहिलेलं तोंड पुसलं.

"उठणारच हुते रे," ती म्हणाली. "पण खांदे लागले, अन् वाटलं, हे तुझ्या अब्बांच्या वाट्याचे. थोडं चालू दे त्यांना."