आधी तू झोप

कोल्हापुरात कुणालाही विचारा, तुमच्या पोराचं ऑपरेशन कुणी केलं? सर्जनचं नाव, गाव, गाडीचा रंगसुद्धा सांगतील. भूल कुणी दिली विचारलं की तोंडाकडं बघत राहतात. माझ्या मुरगूडच्या आत्यानं तर लग्नाच्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "आमची निशिगंधा दवाखान्यात इंजेक्शनं देती." पुढं फक्त लहान मुलांना भूल द्यायचं वर्षभराचं शिक्षण, म्हणजे फेलोशिप, घ्यायला मी या मुलांच्या हॉस्पिटलात आले, तेव्हा ती म्हणाली, "बारक्या पोरांस्नी बारकं इंजेक्शन. त्यात शिकायचं काय?" समजावत बसले असते तर ते स्थळ गेलं असतं. तसंही गेलंच.

आमचे विभागप्रमुख उदयसिंह सर. तान्ह्या बाळाची शीर मला दिसायचीही नाही, सर तिच्यात पहिल्या फटक्यात सुई घालायचे. त्यांच्या हाताला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. पण मूल मास्क बघून रडायला लागलं की सरांचा एकच हुकूम, "धरा!" ज्ञानू आणि बाकीचे वॉर्डबॉय हातपाय धरायचे, सर तोंडावर मास्क दाबायचे आणि मिनिटभरात पोर झोपायचं.

"मिनिटभराचं रडणं हो," सर म्हणायचे. "पोरं विसरतात."

मी काही बोलायला गेले की ठरलेलं उत्तर यायचं, "आधी शिका, मग शिकवा." मी दात ओठ खात गप्प बसायची. मग राजवीर आला.

पाच वर्षांचं पोर. गुऱ्हाळावर खेळताना घसरलं आणि उकळता रस पाठीवर, मांडीवर सांडला. भाजलेल्या जागेची पट्टी शुद्धीत बदलणं म्हणजे पोराला दुसऱ्यांदा भाजणं. त्यामुळं दर दोन दिवसांआड भूल द्यायची आणि पट्टी बदलायची. राजवीर मास्क बघितला की लाथा घालायचा, चावायचा. गुंगीचं गोड औषध पाजलं तर ते थेट सरांच्या अंगावर थुंकायचा. थिएटरात सगळे त्याला पैलवान म्हणायचे आणि पैलवानाला धरायला चार जण लागायचे.

एका दुपारी मी वॉर्डात गेले तर राजवीरची आई त्याच्या झोपेत त्याच्या मनगटांना खोबरेल लावत होती. दोन्ही मनगटांवर बोटांचे लाल वळ होते.

"जागा असला की हात लावू देत न्हाय, म्याडम," ती हळू आवाजात म्हणाली. "मला, आईला! कडंवर घ्याय गेलं की मागं सरतोय. माझंच पोर मला भितंय."

"मास्कला भितोय का तो?"

"मास्काचं न्हवं ओ. त्या दिवशी गुऱ्हाळावर रस अंगाला चिकटला, सदरा निघंना. चार गड्यांनी हातपाय दाबून धरलं आन सदरा वडून काढला. कातडं आलं संगट." तिनं पदर तोंडाला लावला. "हितं बी चौघंच धरत्यात की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही त्या पोराला दर दोन दिवसांआड परत गुऱ्हाळावर नेत होतो आणि वर म्हणत होतो, पोरं विसरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवीरला थिएटरच्या दारात आणलं. ज्ञानूनं सवयीनं बाह्या वर केल्या. मी म्हणाले, "कुणी धरायचं नाही."

सर वळले. "काय म्हणालात?"

"त्याला धरून मी भूल देणार नाही, सर. दुसऱ्या कुणाला देऊही देणार नाही."

अक्काताई सिस्टरच्या हातातला ट्रे वाजला. सरांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले की असंच करतात. "इतकी वर्षं आम्ही काय पोरं मारत होतो काय?"

"नाही, सर. झोपवत होता. पण त्याला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही."

"शेजारच्या थिएटरात माझी केस आहे. ती संपवून येईपर्यंत हे पोर झोपलेलं पाहिजे. नसलं तर मी धरून झोपवणार आणि तुम्ही बॅग भरायची. फेलोशिप इथंच संपली."

"बरं," मी म्हणाले. 

सर गेले. मी ज्ञानूला आणि बाकीच्यांना भिंतीला उभं केलं. राजवीर आईपासून हातभर लांब, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा. मी त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"राजवीर, आज कुणी धरणार नाही. बघ, सगळे तिकडं आहेत. हा मास्क तूच धर. चालंल?"

मी मास्क त्याच्या पायाशी ठेवला. त्यानं तो पायानं ढकलून दिला. मी परत ठेवला. त्यानं परत ढकलला. मी तशीच बसून राहिले. अक्काताई दोनदा घड्याळाकडं बघून खाकरल्या.

शेवटी त्यानं तोंड उघडलं. आमच्याशी पहिल्यांदाच. "आधी तू झोप."

"मी?"

"तू झोप. मी बघतो."

आई घाबरली. "आरं, म्याडमला तू म्हणतंस व्हय!"

"म्हणू दे," मी म्हणाले आणि उठून टेबलावर चढले. चपला काढून, सरळ उताणी. वरचे दिवे डोळ्यांवर आले. एवढी वर्षं त्या दिव्यांखाली उभी राहिले, खालून ते कसे दिसतात ते मला माहीत नव्हतं. भीती वाटते, राव! खरंच वाटते.

ज्ञानू पुटपुटला, "नाद खुळा."

अक्काताईंनी नुसता ऑक्सिजन चालू केला. स्टुलावर चढून राजवीरनं मास्क माझ्या तोंडावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, जपून.

"डोळं मीट," तो म्हणाला. मी मिटले.

तेवढ्यात दार उघडलं आणि सरांचा आवाज आला, "हे काय चाललंय?"

"गप!" राजवीर ओरडला. "ती झोपलीया!"

सरांना गप म्हणणारा माणूस त्या इमारतीत तोवर जन्माला आला नव्हता. मी डोळे उघडले नाहीत. हसू दाबताना पोट दुखायला लागलं होतं.

"ऊठ आता," राजवीरनं माझ्या गालावर थोपटलं. मी उठले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, हात लावून बघितला. मग म्हणाला, "सरक. माझी पाळी."

तो स्वतः टेबलावर चढला, कुशीवर आडवा झाला, मास्क स्वतःच्या हातांनी तोंडावर घेतला. मी गॅस हळूहळू वाढवत नेला. सर जवळ आले आणि सवयीनं त्यांचा हात राजवीरच्या पायाकडं गेला. राजवीरनं मास्क बाजूला केला आणि सरांकडं बघितलं. नुसतं बघितलं. सरांनी हात मागं घेतला.

मास्क परत तोंडावर गेला. थोड्या वेळानं त्याची बोटं ढिली पडली, तेव्हा मास्क मी धरला. झोपेच्या भरात एक पाय झटकला गेला, त्याला मी तळव्यानं आधार दिला. बस्स, एवढंच.

पट्टी झाली. राजवीरला बाहेरच्या पलंगावर आणलं. आई खोबरेलाची बाटली उघडून तयारच बसली होती. सर पायथ्याशी येऊन उभे राहिले.

"तुमच्यामुळं पुढची सगळी ऑपरेशनं खोळंबली," ते म्हणाले. "उद्या केबिनमध्ये या. तुम्हाला ठेवायचं का नाही ते ठरवू."

"येते की, सर. पण जरा थांबा. पोरं विसरतात का ते बघूनच जा."

राजवीरनं डोळे उघडले. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं दोन्ही मनगटं डोळ्यांसमोर धरली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. वळ शोधत होता. दर वेळी उठल्यावर हे पोर हेच करत असणार आणि आमच्यापैकी कुणी तिथं थांबलंच नव्हतं.

नवे वळ नव्हते. ते हात त्यानं तसेच आईकडं पुढं केले.

"घे," तो म्हणाला.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला विश्वासच बसेना. "घ्या की," मी म्हणाले, "फक्त पाठीला धक्का लावू नका." तिनं त्याला अलगद छातीशी घेतलं आणि मग तिला जे रडू आलं ते थांबेचना. बाटली लवंडून खोबरेल चादरीवर सांडलं, कुणी पुसलं नाही. माझेही डोळे भरले. लपवले नाहीत.

आईच्या खांद्यावरून राजवीरनं सरांकडं बोट केलं. "पुढच्या टायमाला आधी ह्यो झोपंल."

"उद्या किती वाजता येऊ, सर?" मी विचारलं.

सर त्या मनगटांकडंच बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.