अंगठ्याखालचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी स्पीड गन आहे. नाव ऐकून दचकू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. समोरून येणारा चेंडू किती वेगाने आला, एवढंच मी सांगते. पाठीवर लहानशी काच, काचेत तांबडे आकडे, खाली मूठ आणि मुठीत खटका. एके काळी मी काळीभोर होते. आता मुठीवरचं रबर चिकट झालं आहे आणि काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे. आकडा मात्र अजून बरोबर दाखवते. खरं सांगायचं तर आजकाल मला त्याचीच भीती वाटते.

कारखान्यात आम्हा बहिणींची वाटणी झाली, तेव्हा काही हायवेच्या पोलिसांकडे गेल्या आणि मी बेसबॉलच्या वाट्याला आले. निघण्यापूर्वी आमची परीक्षा घेतली. नादकाटा, म्हणजे ठरलेला सूर देणारा धातूचा दोन टोकांचा काटा, आपटून समोर धरायचा आणि काचेवर ठरलेला आकडा उमटतो का ते बघायचं. मी एका फटक्यात पास झाले. तेव्हा फार अभिमान वाटला. खरं बोलणाऱ्याकडून कोणाचं काय वाईट होणार, असं मला वाटलं होतं. मी अगदीच नवी होते.

मला विकत घेतलं ऑरिन टीग यांनी. ते एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघासाठी शाळाशाळांतून मुलं हेरायचे. लोक त्यांना स्काउट म्हणत. दर जूनमध्ये सगळे संघ पाळीपाळीने अशा मुलांची नावं पुकारून आपल्याकडे घेतात. ज्याचं नाव पुकारलं जातं त्याचं नशीब उघडतं, बाकीचे सोमवारी बापाबरोबर कामाला लागतात. ऑरिनच्या वाट्याला टेक्सासचा पश्चिम भाग होता. जुनी गाडी, मोटेलमधली करपट कॉफी, खिशात सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया आणि मांडीवर मी, असा आमचा संसार. प्रत्येक सामन्याआधी ते नादकाटा बुटाच्या टाचेवर आपटून माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "काय बाई, आज खरं बोलणार ना?" मी खरंच बोलायचे. माणूस चांगला होता. मला ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि स्वतःचे कपडे मात्र मागच्या सीटवर फेकायचे.

मैदानावर आमची जागा ठरलेली, फलंदाजाच्या मागच्या तारेच्या जाळीआड. तिथे सगळे स्काउट ओळीने घडीच्या खुर्च्या टाकून बसत, प्रत्येकाच्या हातात माझी एखादी बहीण. चेंडू टाकणाऱ्या मुलाला पिचर म्हणतात. त्याने पाय उचलला की आम्ही सगळ्या जणी एकदम वर उठायचो. गप्पा बंद, चघळणं बंद. एका पोरावर इतक्या काचा रोखलेल्या असायच्या. मला तेव्हाही ते बरं वाटत नसे. कारण पोराचे खांदे त्या क्षणी बदलायचे. तोवर तो समोरच्या झेलणाऱ्या गड्याच्या हातमोज्यात चेंडू टाकत असायचा. आम्ही वर उठलो की तो आमच्यासाठी टाकायला लागायचा.

त्या वसंतात आम्ही लोन पेकन नावाच्या गावात जाऊ लागलो. मैदानाच्या कडेला तेलविहिरींचे पंप डोकी हलवत असायचे आणि वारा इतका की टोपी हाताने धरावी लागायची. तिथे डॅरेल पिकेट नावाचा मुलगा होता, सतरा वर्षांचा, लांब हातांचा, लाजाळू. पहिल्याच दिवशी माझ्या काचेवर ब्याण्णव उमटले. ताशी ब्याण्णव मैल, शाळकरी पोराच्या हातून. ऑरिननी बी चावायचं थांबवलं.

डॅरेलचे वडील व्हर्नन तेलविहिरींचे पंप दुरुस्त करायचे. सामन्याला ते आईबापांच्या बाकांवर कधी बसले नाहीत. ऑरिनच्या खुर्चीमागे उभे राहायचे, वाकून माझा आकडा वाचायचे आणि बोटांनी मुलाला खूण करायचे. नव्वद धरलेलेच असायचे, वरचे किती तेवढी बोटं. दोन बोटं म्हणजे ब्याण्णव, तीन म्हणजे त्र्याण्णव. नव्वदच्या खाली गेला तर हात खिशात. त्या भागात अनेक बाप असं करायचे, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. गावातले लोकही चेंडू सोडून व्हर्ननच्या हाताकडे बघायला शिकले होते.

एक स्काउट चेष्टेने म्हणाला, "व्हर्नन, उद्या बोटं आखडली तर पोराला तार पाठवणार का?"

"माझी नाही आखडायची," व्हर्नन म्हणाले. "तुम्ही तुमचे सेल सांभाळा."

सगळे हसले, ऑरिनसुद्धा. मी मात्र समोर बघत होते. प्रत्येक चेंडूनंतर डॅरेल आधी वडिलांच्या हाताकडे बघायचा, आणि चेंडू कुठे गेला ते नंतर.

जून जवळ आला. नावं पुकारण्याआधीचा शाळेचा शेवटचा सामना होता. जाळीमागे इतके स्काउट जमले की खुर्च्यांना जागा पुरेना. डॅरेलने दोनच दिवसांपूर्वी आणखी एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकला होता. त्याच्या प्रशिक्षकांना वाटलं, एवढी मोठी माणसं आली आहेत, पोराला आज बसवलं तर गाव आपल्याला माफ करणार नाही. व्हर्नननाही तसंच वाटलं. डॅरेलला काय वाटतं, ते त्याला कोणी विचारलं नाही.

सुरुवात त्र्याण्णवने झाली. मग ब्याण्णव, मग नव्वद. डॅरेल दोन चेंडूंच्या मध्ये बोटं झटकू लागला. पाण्यात हात घालून बाहेर काढल्यावर आपण झटकतो तशी. ऑरिननी ते पाहिलं, कारण त्यांच्या मांडीचा स्नायू कडक झाला आणि मी तिच्यावरच टेकले होते. पुढचा आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

व्हर्ननचा हात खिशात गेला.

डॅरेलने ते पाहिलं. त्याने आणखी जोर लावला, आणि आकडा आणखी खाली आला. मग मी अनेक वर्षांत पाहिलेली सगळ्यात वाईट गोष्ट सुरू झाली. माझ्या शेजारच्या बहिणी एकेक करून खाली जाऊ लागल्या. कोणी खुर्ची मिटली, कोणी गाडीची किल्ली काढली. उभा असलेला मुलगा आपल्याकडे रोखलेल्या काचा कमी होताना बघत होता, आणि त्याला त्याचा अर्थ पुरता कळत होता.

ऑरिन मान न वळवता म्हणाले, "व्हर्नन, प्रशिक्षकांना सांगा, त्याला बाहेर काढा. हात दमलाय त्याचा."

"तुम्हीच सांगा की."

"स्काउटने सामन्यात बोलायचं नसतं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग मीही नाही सांगणार," व्हर्नन म्हणाले. "आत्ता काढला तर हे सगळे काय घेऊन जातील? अठ्ठ्याऐंशी? एकदा त्याला त्याचा आकडा मिळू दे. मिळाला की मी स्वतः जाऊन काढतो."

ऑरिननी मला वर उचललं; आता वर असलेली मी एकटीच होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आकडा मिळाला की पोरगा सुटेल, असा सरळ हिशोब त्यांनी मांडला. डॅरेलने पाय उचलला. चेंडू सुटला, हातमोज्यात आदळला, आणि माझ्या काचेवर सत्त्याऐंशी आले. त्याच क्षणी ऑरिनचा अंगठा माझ्या काचेवर येऊन बसला.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले.

व्हर्नन वाकले. "खरंच? बघू."

"गेला आकडा. चौऱ्याण्णव होते. आता जा आणि काढा त्याला."

त्या अंगठ्याखाली माझा जीव गुदमरला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण ऑरिनचा राग आला असं नाही. त्या पोरासाठी तिथे एवढा एकच माणूस घाबरला होता.

व्हर्ननचा हात खिशातून बाहेर आला आणि चार बोटं उंच गेली. बाकांवर एकच गलका उठला. गाडीकडे निघालेले दोन स्काउट थबकले आणि परत जाळीकडे आले. डॅरेलच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"काढा त्याला," ऑरिन पुन्हा म्हणाले. आता त्यांचा आवाज चिरकला होता. "तुम्ही म्हणाला होतात."

"आत्ता काढू?" व्हर्नन हसत म्हणाले. "अहो, आत्ता तर गडी रंगात आलाय. ते बघा, परत येतायत सगळे."

आणि आता पंच्याण्णव हवेत म्हणून त्यांनी पाच बोटं दाखवली.

पुढच्या चेंडूचा आकडा माझ्याकडे नाही. तो माझ्या वाटेत आलाच नाही. जाळीच्या कितीतरी वरून, बाकांच्या मागे, उभ्या गाड्यांमध्ये कुठेतरी जाऊन पडला. डॅरेल ओरडला नाही. त्याने उजवा हात पोटाशी धरला आणि तो वाकून उभा राहिला, जणू काही पडलेलं शोधतो आहे. व्हर्ननची पाच बोटं अजून वरच होती. ती खाली घ्यायची त्यांना आठवण राहिली नाही.

जूनमध्ये नावं पुकारली गेली. पिकेटांच्या घरात टेलिफोन मेजाच्या मधोमध ठेवला होता, तो वाजला नाही. कोपराच्या आतला हाडं जोडणारा तुटलेला धागा डॉक्टरांनी शिवला, पण तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ऑरिन मला घेऊन त्यांच्या घरी गेले. डॅरेल डाव्या हाताने सूप पीत होता. त्याच्या आईने खुर्ची दिली, ती ऑरिननी घेतली नाही.

"ते चौऱ्याण्णव नव्हते," ते म्हणाले. "सत्त्याऐंशी होते. मी खोटं बोललो. वाटलं, आकडा मिळाला की तुम्ही त्याला काढाल."

डॅरेलने चमचा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "एवढं तरी राहू द्यायचं होतंत, ऑरिन. रोज रात्री मी तेवढ्यावर झोपत होतो."

ऑरिननी मला मेजावर ठेवलं. "हिचं काय करायचं ते करा. हातोडी घाला हवी तर," असं म्हणून ते गेले. पुन्हा कधी कुठल्या जाळीमागे बसले नाहीत, असं मी ऐकलं.

हातोडी कोणी घातली नाही. डॅरेलच्या आईने मला बुटांच्या खोक्यात घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सरकवलं. वर्षं गेली. पोटातले सेल फुटून पाझरले, पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. अंधारात पडून राहणं वस्तूला आवडत नाही, पण मी शपथेवर सांगते, त्या खोक्यात मी सुखी होते. माझ्यामुळे कोणी जोर लावत नव्हतं.

गेल्या महिन्यात खोकं उघडलं. समोर डॅरेल होता, कानशिलांवरचे केस पिकलेला, वडिलांसारखाच पंप दुरुस्त करणारा. त्याने कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून माझ्या पट्ट्या एकेक करून साफ केल्या. इतक्या मायेने मला ऑरिननंतर कोणी हात लावला नव्हता. नवे सेल घातले. काच उजळली तेव्हा तो लहान मुलासारखा हसला, आणि मला धडकी भरली.

त्याची बायको रोझॅन दारात उभी होती. "ते परत ठेव, डॅरेल."

"अगं, गंमत म्हणून. टेसा फेकते कशी ते बघायचंय फक्त."

"तुझा हात बघ आणि मग बोल."

"मी माझ्या बाबांसारखा नाही," तो म्हणाला. "कुठे थांबायचं ते मला कळतं."

मला ऑरिन आठवले. त्यांनाही कळत होतं.

टेसा ही त्यांची मुलगी, दहा वर्षांची आहे. आता रोज संध्याकाळी ती अंगणात कुंपणाला टांगलेल्या सतरंजीवर चेंडू फेकते, आणि डॅरेल मला डाव्या हातात धरून बसतो. पहिल्या दिवशी ती मध्येच नाचायची, कुत्र्याशी बोलायची. आता तिचं ते नाचणं, बोलणं थांबलं आहे. काल तिने एक चेंडू फेकला, सतरंजीच्या बरोब्बर मध्यावर. फेकताना तिची वेणी उडाली, एक पाय हवेत गेला, ती पडता पडता सावरली आणि हसत वळली.

"बाबा, बघितलंस का मला?"

"बघितलं की," डॅरेल माझ्या काचेकडे बघत म्हणाला. "अठ्ठेचाळीस."

मित्रांनो, तिने आकडा विचारला नव्हता. जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, टाकून देऊ नका. मी तसं काही मागत नाही. माझे सेल काढून घ्या. मला खोक्यात घाला, खोकं वर सरकवा आणि अंगणात जाऊन बसा. ती आत्ता पुढचा चेंडू उचलते आहे. या वेळी कोणीतरी तिच्याकडे बघा.