माझी सुई, तिच्या सुया

आपलं चुकलं की यंत्र बिघडलं म्हणायचं, ही तुम्हा माणसांची जुनी खोड. मी होकायंत्र बोलतोय. हा आळ मी तोंडावर ऐकलाय, म्हणून सांगतो.

जन्म फिनलंडच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं आइसलंडमध्ये, हिमनद्यांच्या पायथ्याशी. वीस वर्षं भूगर्भशास्त्राची पोरं मला गळ्यात अडकवून गाळात गुडघे टेकतायत. बर्फ सरकताना गाळातले लांबट दगड आपल्या वाटेच्या दिशेनं लावून जातो. अशा पन्नास दगडांची दिशा मोजली की तो कुठून आला ते कळतं. हिवाळाभर मी कपाटात असतो, पण या एका कामासाठी ते चालतं मला.

यंदा मी स्टाइनवोरच्या गळ्यात होतो. शेवटचा दिवस, चारला परतीची बस. हे पन्नास दगड हुकले तर तिचा प्रबंध पुढच्या उन्हाळ्यावर जाणार होता. दुपारी एकला तिनं पन्नासावा मोजला, वहीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"सिगनी, जरा बघतेस?" तिनं शिक्षिकेला हाक मारली.

सिगनीनं आकडे वाचले. "म्हणजे बर्फ दरीच्या लांबीनं न येता तो बाजूचा कडा फोडून आडवा आला?"

"होकायंत्रच बिघडलंय!"

तिचा जोडीदार हियाल्ती मला घेऊन चार पावलं लांब गेला. मी बिनचूक उत्तर दिशा दाखवली.

"माझ्याकडे शहाण्यासारखं वागतंय. तुझ्या खिशात काय आहे गं?"

छातीवरच्या खिशातून निघाली लोकरीची अर्धी बाही, पोलादी सुयांसकट. वर्गात तास चालू असतानाही ही पोरं विणत असतात, मग इथं कशी थांबतील? ती मला छातीशी धरून नेम घ्यायची आणि माझी सुई त्या सुयांकडे ओढली जायची.

"कुणाचा स्वेटर?"

"तुझाच, गाढवा!"

"मग बाही आखूड राहिली तरी चालेल."

उपसलेले दगड पुन्हा जागी बसवता येत नाहीत. दोघांनी शेजारी गाळात नवा काप खणला. ती मोजायची, तो लिहायचा. चारला बसचा भोंगा वाजला आणि सिगनी ड्रायव्हरकडे मुदत मागायला धावली. साडेचारला पन्नासावा दगड झाला. जवळजवळ सगळे दरीच्या लांबीला धरून, वरच्या, उत्तरेच्या अंगाला कललेले.

स्टाइनवोरनं मला मफलरनं पुसलं. "माफ कर रे," ती पुटपुटली. यंत्राची माफी कोण मागतं? मी अजून वीस हिवाळे कपाटात सुखानं काढीन. तुम्ही मात्र मला बाहेर काढायला उशीर करू नका. इथं मोजण्यासारखं खूप आहे आणि ते थांबून राहत नाही.

बसमध्ये चढताच तिनं म्हाताऱ्या ड्रायव्हरपुढे वही नाचवली. "ओड्डुर, बर्फ उत्तरेकडूनच आला! सिद्ध केलं आम्ही!"

ओड्डुरनं दार लावून घेतलं. "मी शाळेत होतो तेव्हा बर्फ या रस्त्यापर्यंत होता, पोरी. मान वर केली की दिसायचं, कुठून येतोय ते."