डाव्या पायाचा ब्रेक

मोटरसायकली दोन, माणसं तीन, हेल्मेटं तीन. रेनकोट चार, त्यांतला एक काखेत फाटलेला. तंबू एक, थर्मास एक, कागदात गुंडाळलेल्या थालीपिठांची चळत एक. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये हे सगळं मांडून पाहिलं तेव्हा पाऊस नव्हता. फेरीबोटीतून पलीकडे उतरलो आणि तो सुरू झाला.

एक मोटरसायकल माझ्या भावाची, विनयदादाची. दुसरी श्रीरंगची. दोघं एकाच कंपनीत इंजिनिअर आणि एकाच अपार्टमेंटमध्ये राहणारे. मी सिॲटलला फिजिक्स शिकायला आले त्याला तेव्हा, म्हणजे १९८४च्या ऑक्टोबरात, वर्ष झालं होतं. दादाच्या मागच्या सीटवर तंबू बांधलेला, म्हणून मी श्रीरंगच्या मागे बसले. माझ्या डोक्यावरचं पांढरं हेल्मेट कोरं होतं. ते त्याने शैलासाठी घेतलं होतं.

शैला त्याची बायको. फेब्रुवारीत नागपूरला लग्न झालं, व्हिसा आत्ता मिळाला, पुढच्या शनिवारी ती येणार होती. आल्यावर पहिल्याच रविवारी तिला मागे बसवून याच रस्त्याने समुद्रावर न्यायचं, असं त्याने पत्रांतून कबूल केलं होतं. आमची ट्रिप ही त्याची रंगीत तालीम.

"पदे, तू गिनिपिग आहेस," दादा म्हणाला.

"एक्स्टर्नल एक्झॅमिनर म्हण बे," श्रीरंग म्हणाला. "मॅडम, मार्क सढळ हाताने द्या."

मार्क द्यायला हरकत नव्हती. तो गाडी छान चालवायचा. वडिलांच्या बुलेटवर त्याची दहा वर्षं गेली होती, ही जपानी गाडी जुलैत घेतलेली. फक्त सारखा बोलायचा. हेल्मेटची काच अर्धी वर करून, मान किंचित वळवून, पावसावर आवाज चढवून.

लेक क्रेसेंटपाशी रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मधून वळत जातो. तिथे तो मला वर्धा रोडवरच्या एका ढाब्याची गोष्ट सांगत होता. ढाबेवाल्याने त्याला ओळखायला नकार दिला, इथपर्यंत गोष्ट आली आणि झाडीतून एक हरीण रस्त्यावर उतरलं.

त्याने क्लच ओढला, पुढचा ब्रेक दाबला आणि डावा पाय जोरात खाली मारला. खाली टक्क असा आवाज झाला. मग क्लच सुटला, मागचं चाक अडकलं आणि गाडी शेपटासारखी तळ्याच्या बाजूला वळली. कडेच्या खडीत आम्ही तिरके होऊन थांबलो. माझा रेनकोट गुडघ्यावर फाटला, आतला गुडघा शाबूत राहिला. हरीण निघून गेलं होतं.

"पानं," श्रीरंग म्हणाला. "ओल्या पानांवर चाक गेलं यार."

दादाने मागे येऊन टायर पाहिलं, रस्ता पाहिला. "पानं आहेत खरी."

"पानं होती," मी म्हणाले, "पण आधी तुझा डावा पाय खाली गेला, श्रीरंग. मला दिसला."

त्याच्या बुलेटला पायाचा ब्रेक डाव्या बाजूला होता आणि गिअर उजव्या. इथल्या गाडीला उलटं. त्याने नागपूरचा ब्रेक दाबला होता. इथे त्या जागी गिअर होता, तो एकदम खालचा पडला आणि क्लच सुटताच त्याने चाक अडकवलं.

"काय सांगून राहिली! अडीच हजार मैल झाले या गाडीवर माझे."

"अडीच हजार मैलांत हरणं किती आली?"

त्याने काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली. फोर्क्स गावातल्या मोटेलपर्यंत तो बोलला नाही, आणि तेवढा वेळ गाडी अगदी सरळ गेली.

सकाळी आम्ही समुद्राजवळच्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. पावसामुळे तिथे कोणी नव्हतं. कल्पना माझी होती, पण तयार तो लगेच झाला. मी चूक आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने पंधरा मैलांच्या वेगाने फेऱ्या मारायच्या, दादाने हात वर केला की थांबायचं. वीस वेळा थांबला. डावा पाय एकदाही हलला नाही.

"लिहा, मॅडम. डिस्टिंक्शन!"

दादाने टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, पण पटलं नाही. फेऱ्या मारताना श्रीरंगचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो पायाकडे लक्ष ठेवून होता. तळ्यापाशी त्याचं लक्ष ढाब्यावर होतं. मी जे मोजायला निघाले होते ते मोजलंच गेलं नव्हतं.

"आता मी मागे बसते," मी म्हणाले. "तू बोलत राहायचं. शैलाला जे सांगशील ते. दादा वाटेल तेव्हा तंबूची पिशवी समोर टाकेल. कधी टाकणारही नाही."

"तुला काय शैला म्हणू?"

"काहीही म्हण."

पहिल्या दोन फेऱ्या तो शाळेत उत्तर दिल्यासारखा बोलला. हा पॅसिफिक महासागर, ही झाडं स्प्रूसची. मग त्याला आठवलं की लग्नानंतर शैला पहिल्यांदा बुलेटवर बसली तेव्हा सीताबर्डीच्या गर्दीत तिची एक चप्पल पडली, आणि नवऱ्याला थांब कसं म्हणायचं म्हणून ती घरापर्यंत गप्प राहिली. सासूबाईंसमोर एका चपलेने उतरली. हे सांगताना तो इतका हसला की त्याची पाठ हलत होती. तेवढ्यात पिशवी समोर पडली. टक्क. सीटमधून मला तो धक्का जाणवला.

"आला?" त्याने विचारलं. त्याला स्वतःला कळलं नव्हतं.

"आला."

वीस वेळांत सहा वेळा आला.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका ओंडक्यावर आम्ही तिघं बसलो. थालीपिठं ओली झाली होती, तरी खाल्ली.

"तिला गप्प बसायला सांगेन," श्रीरंग म्हणाला.

"बोलतोस तू, लेका," दादा म्हणाला. "ती बिचारी चपलेबद्दलसुद्धा बोलली नाही."

श्रीरंग हसला नाही. "ती घाबरली असती तर बरं होतं. माझ्या मागे ती निर्धास्त डोळे मिटून बसते रे."

मग तो उठला आणि दुपारभर सराव केला. बोलत फेरी, पिशवी, थांबा. बोलत फेरी, पिशवी, थांबा. मी आणि दादा आळीपाळीने मागे बसलो. त्याने कॉलेज सांगितलं, आजोळ सांगितलं, एकदा तर रडवेला होऊन मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. पाय सुधारत गेला. मध्ये एकदा सलग अकरा वेळा तो बरोबर थांबला, आणि दादाने अकरावा थांबा झाल्यावर पिशवीला मिठी मारली.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा श्रीरंगने हेल्मेट काढून तोंड पुसलं.

"आता शेवटचे वीस. डावा पाय एकदा जरी आला तर शैलाला कारने आणीन. गाडी विकून टाकीन."

"एक सोड ना यार," दादा म्हणाला. "पदे, विसात एक म्हणजे पाच टक्के. तुमच्या फिजिक्समध्ये एवढी एरर चालते ना?"

मी कशाची एरर, कशासाठी मोजली, असं काहीतरी सांगायला लागले. श्रीरंगने मला थांबवलं.

"हरीण एकच होतं बे," तो म्हणाला, आणि हेल्मेट चढवलं.

मी मागे बसले. विमानतळावर शैला कुठल्या दारातून बाहेर येईल, तिला पहिलं काय दाखवायचं, घरी पोचल्यावर पोळ्या कोण करणार, असं तो बोलत राहिला. त्याचा आवाज मोकळा होता. दादाने पिशवी कधी लवकर टाकली, कधी अगदी उशिरा.

एकूण थांबे वीस. उजवा पाय एकोणीस वेळा, डावा एकदा.