गंधवानीची चहावाली

"तुझी सवत गोरी असंल का गं?" नर्मदाबाईनं विचारलं आणि मुळ्या कापलेली लसणाची जुडी ढिगावर टाकली.

विद्युल्लतेनं विळ्यावरची नजर उचलली नाही. "तुमच्या भावाची आवड मला काय ठाऊक, वन्सं? मला पसंत करायला तर तुम्हीच आला होतात."

"म्हणून तर विचारते. त्याच्यावर सोडलं असतं तर त्यानं काय आणलं असतं, देव जाणे."

विद्युल्लतेचं नाव विजेचं आणि बोलणंही तसंच. पण या विषयावर ती अलीकडं गप्पच व्हायची. तिचा नवरा खंडोजी माघातल्या एका संध्याकाळी गव्हाला पाणी फिरवायला गेला, तो परत आला नाही. सकाळी फावडं बांधावर उभं होतं, पाट फुटून पाणी भलत्याच वावरात शिरलं होतं, आणि माणूस नव्हता. या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली.

पहिले आठ दिवस धार जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावानं नाले धुंडाळले, राजगढचा बाजार पालथा घातला. मग शेजारच्या वावराचे बापूसाहेब ओट्यावर येऊन बसले, पागोट्याचा शेव चाचपत म्हणाले, "वहिनी, सांगू नये, पण सांगतो. मी खंडोजीला गंधवानीच्या हाटात पाहिला. चहाच्या टपरीवर. टपरीवालीशी हसत बोलत होता. मला बघितलं नि गर्दीत घुसला."

झालं. शोध तिथंच थांबला. कारण खंडोजी खरंच हसरा होता. बायकांशी बोलताना मिशीवर हात फिरवायची त्याला खोड होती, आणि एकदा नाटकमंडळीच्या मागं पार मनावर गावापर्यंत जाऊन आला होता. ठाण्यातल्या हवालदारानं अर्जी घेतली आणि दात कोरत म्हटलं, "लौट आएगा, बाईसाब. जवान आदमी है, मन भर जाएगा तो लौट आएगा." गावातली पोरंटोरं चहा प्यायला निघाली की एकमेकांना विचारायची, "क्यों भिया, गंधवानी चलना है क्या?"

त्या दिवसापासून विद्युल्लतेनं नवऱ्याचं नाव टाकलं. कुंकू पुसलं नाही, पण आरशात बघून लावणं सोडलं. लावायचं म्हणून लावायची.

"जा की एकदा," नर्मदाबाई म्हणाली. ती खंडोजीची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, माहेरीच राहिलेली. "झिंज्या धर तिच्या. नाय तर निदान चहा कसा करती ते तर बघून ये. तुझ्या चहाला तो नेहमी नावं ठेवायचा."

विद्युल्लतेनं विळा खाली आपटला. "चला मंग. तुम्ही बी चला. झिंज्या मी धरीन, पाय तुम्ही धरा."

हाटाच्या दिवशी दोघी मोटारीत बसल्या. विद्युल्लतेनं ठेवणीतलं इंदुरी लुगडं काढलं. नर्मदाबाई म्हणाली, "भांडायला चालली का मिरवायला?" तर ही म्हणते, "तिनं मला बघून तोंडात बोट घालाया पाहिजे."

गंधवानीच्या हाटात कोंबड्या, मिरच्या, ताडीची मडकी, चांदीचे जाड वाळे घातलेल्या बाया, नुसती दाटी. बाईची चहाची टपरी कुठली म्हणून विचारलं तर एका म्हाताऱ्यानं बोट दाखवलं, "बाईची? एकच. केसरबाईची."

केसरबाई चांगली आडव्या बांध्याची होती. भट्टीवर पातेलं रटरटत होतं आणि ती एका हातानं गाळत, दुसऱ्यानं माशा वारत, तोंडानं कुणाला तरी शिव्या देत होती. विद्युल्लता समोर उभी राहिली. रस्ताभर घोकलेल्या शिव्या तशाच राहिल्या. तिनं मोबाइल पुढं केला. त्यात खंडोजीचा फोटो होता, भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

"मेरे मालिक को कहाँ रखा है?" ती कशीबशी म्हणाली.

केसरबाईनं पातेलं उतरवलं, हात पुसले, फोटो डोळ्याजवळ नेला. मग विद्युल्लतेकडं बघितलं. लुगड्याकडं बघितलं. आणि खो खो हसत सुटली.

"म्हारो एक घरवालो है, ऊ ज नी संभले! दूसरो कां राखूं, बेन?" तिनं टपरीमागं बोट केलं. तिथं एक किडकिडीत इसम पोत्यावर पालथा घोरत होता. "चाहिए तो इसको ले जा. तेरा मिले तो बदली कर लेंगे."

नर्मदाबाईला हसू आवरेना. विद्युल्लता मात्र हसली नाही. तेव्हा केसरबाईचंही हसणं ओसरलं. तिनं फोटो पुन्हा पाहिला, बराच वेळ.

"ना, बेन. ये आदमी यहाँ कभी नहीं आया. ऐसी मूँछ मैं भूलती क्या? जिसने बोला, झूठ बोला." तिनं दोघींच्या हातांत चहा दिला. चहा खरंच चांगला होता.

परतीच्या मोटारीत विद्युल्लता खिडकीकडं तोंड करून रडत होती.

"रडतीस काय? सवत मिळाली नाय म्हणून?" नर्मदाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वन्सं," ती डोळे पुसत म्हणाली, "बापूसाहेबांनी विहीर का बुजवली?"

नर्मदाबाईचा हात पाठीवरच थांबला. बांधालगतची बापूसाहेबांची विहीर. शोधाच्या वेळी ती आपणच बघितली, असं ते म्हणाले होते. त्याच पंधरवड्यात बापूसाहेबांनी बोअर घेतला आणि ट्रॉल्या भरभरून दगडमाती आणून विहीर बुजवली होती. पाण्यावरून भावाभावांत लाठ्या निघणारा हा मुलूख. इथं चालती विहीर कोण बुजवतं? तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. सगळं गाव गंधवानीकडं बघत हसण्यात गुंतलं होतं.

ठाणेदार नवा होता, ग्वाल्हेरकडचा, कागदाला धरून चालणारा. "अम्माजी, बिना सबूत किसी का कुआँ कैसे खुदवाऊँ?"

"नका खोदू," नर्मदाबाई म्हणाली. "आम्ही बसतो."

दुसऱ्या दिवसापासून दोघी ठाण्याच्या पडवीत लसणाची पोती घेऊन बसायला लागल्या. कापणं, सोलणं, पाखडणं, सगळं तिथंच. पंखा लावला की टरफलं थेट ठाणेदाराच्या टेबलावर. शिपायांच्या वर्द्यांना वास लागला. एका शिपायाच्या बायकोनं त्याला घरात घ्यायच्या आधी दारात उभं करून विचारलं म्हणे, की चोर पकडतोस की फोडणी देतोस. हाकललं तर विद्युल्लता अंगणात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची. शेवटी ठाणेदारानंच धारला मोठ्या साहेबांना लिहिलं, हुकूम आणवला, आणि एका सकाळी जेसीबी वावरात उभी राहिली.

दुपार कलल्यावर हाडं निघाली. मनगटापाशी चांदीचं कडं होतं, काळं पडलेलं. विद्युल्लतेनं ते ओळखलं. गाव काठावर उभं होतं. गंधवानीला निघणारी पोरंही होती. कुणी तोंड वर करेना.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तिनं फक्त नणंदेला सांगितलं. "पळून नव्हते गेले, वन्सं." आणि असं वाटलं याचीच लाज वाटून मग ती ऊर फुटेस्तोवर रडली.

बापूसाहेबांना नेलं. ते एकच बोलत राहिले. पाय घसरून पडला असंल, मला काय ठाऊक, बोअर लागला म्हणून विहीर बुजवली. पाहणारा कुणी नव्हता. काही महिन्यांनी जमानतीवर सुटून आले आणि काठी टेकत पुन्हा वावरात जायला लागले. वाट खंडोजीच्या बांधावरूनच होती.

विद्युल्लता रोज बांधावर असायची. "राम राम, बापूसाहेब. कसं झालं ते सांगा की." आवाजात राग नाही, काही नाही. पाहुण्याला पाणी विचारावं तसं. ते मान खाली घालून जायचे. मग त्यांनी नाल्याची वाट धरली. तर ही गवताचा भारा घेऊन नाल्यापाशी. "राम राम. चांगलीच लांबची वाट धरलीत की! दम लागला असंल. बसा, सांगा."

गव्हाला पाणी द्यायचे दिवस पुन्हा आले तसे एका दुपारी ते खरंच बसले. बांधावरच बसले, म्हातारं जनावर बसतं तसे. नर्मदाबाई मागं पाट वळवत होती, तिचं फावडं थांबलं.

"पाण्यावरून बोलाबोली झाली," बापूसाहेब म्हणाले. "मी ढकललं. तो पडंल असं वाटलं नव्हतं."

"मंग?"

"खालून हाका मारत होता."

"कुणाला?"

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तुम्हाला, वहिनी. विद्या, विद्या करत होता. मला वाटलं, कुणी तरी ऐकंल, काढंल. मी घरी पळालो. उजाडता आलो तर आवाज नव्हता."

खंडोजी पडला त्या संध्याकाळी ती चुलीपुढं बसून, भाकरी गार होतात म्हणून त्याच्या नावानं बडबडत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

"वन्सं, ऐकलंत?"

"ऐकलं. दोन्ही कानांनी."

"उठा मंग, बापूसाहेब. ठाण्यात जाऊ. हेच पुन्हा सांगायचं, जास्त काय नाय."

ते उठले. काठी त्यांच्या हातात नर्मदाबाईनंच दिली. तिघं बांधावरून चालायला लागली. उकरलेल्या विहिरीत आता तळाला पाणी जमलं होतं. तिच्या काठाशी आल्यावर विद्युल्लता मागं राहिली. तिनं पदर खोचला, खाली वाकली, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओ दिली,

"आले हो!"