तोरीच्या अलीकडे

"काय बाई, पायऱ्या बघूनच घाम फुटला का? काठी घ्या, काठी!" डोंगरावरच्या देवळाच्या पायथ्याशी काठ्या विकणारे आजोबा ओरडले.

"आमची मावशी माझ्याआधी वर पोचते, आजोबा! काठी तुम्हीच ठेवा," मी ठसक्यात म्हटलं. शाळेच्या भाषणस्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून मी कुणालाच ऐकत नाही.

तोमिए मावशी हसली. आमच्या बंदरात ती माकूळ मासळी चिरून वाळत घालते. तिच्या बोटांचा वास साबणालाही दाद देत नाही. गेल्या वर्षीच्या वादळात तिचा मुलगा शुहेइ, माझा दादा, बोटीसकट बेपत्ता झाला. बोटीवरच्या इतरांचे अंत्यविधी झाले. मावशीने दादाचा होऊ दिला नाही. "प्रवासाला गेलेल्याचा विधी करतात का कुणी?" असं म्हणून रोज संध्याकाळी ती त्याचं ताट मांडते. आणि सवड मिळाली की मला घेऊन बस, फेरी, पुन्हा बस करत इथे येते, समुद्र सांभाळणाऱ्या या देवाकडे त्याला परत मागायला.

तोरीपाशी, देवळाच्या कमानीपाशी आलो. मी सुसाट पलीकडे.

"अगं धसमुसळे, मधून नको! मधली वाट देवाची. कडेने चाल!"

"बरं बरं, कडेने! ये ना तू."

मावशीने वाकून नमस्कार केला आणि ती तिथेच थांबली. माणसं तिला वळसा घालून आत जात होती.

"तू जा."

"पाय दुखतायत?"

"पाय ठीक आहेत. मला सुतक आहे."

"कुणाचं?" मी विचारलं.

"शुहेइचं."

मी परत तिच्याकडे धावले. "मावशी, असं काय बोलतेस! परवाच त्याच्या भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. पाणी सुटलं की माणूस सुखरूप, तूच सांगतेस ना?"

"भात गरम होता म्हणून सुटलं, बाळ. गरम मीच वाढते ना." तिने माझ्या कॉलरची घडी नीट केली. "वर्षभर सुतकातच या कमानीखालून गेले मी. देवाला कळत नसेल होय? आज नाही जायचं."

"मग मलाही सुतक."

"मावसभावाचं एवढं नसतं. तू जा."

"पण वर जाऊन मागू काय?"

मावशीने जरा विचार केला. "आज ज्यांच्या बोटी बाहेर आहेत, त्यांच्यासाठी हात जोड. शेजारच्या हिरोमीचा नवरा पहाटेच गेलाय."

मी एकटी चढले. वर रीतीप्रमाणे दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, आणि सवयीने ओठांवर आलं, 'दादाला परत आण.' ते गिळलं. मग हिरोमीताईच्या नवऱ्याचं नाव घेतलं. आपल्या बंदरातल्या जेवढ्या बोटी आठवल्या, त्या सगळ्यांची नावं घेतली. मागे रांग खोळंबली, तरी घेतली.

खाली आले तेव्हा काठीवाल्या आजोबांनी मावशीसाठी स्टूल आणून ठेवलं होतं. मावशी स्टुलावर बसली नव्हती. डोंगराकडे पाठ करून ती उभी होती, आणि छपरांच्या फटीतून दिसणाऱ्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीला तिने हात जोडले होते.